पिकावरील औषधांचे अंश व कायद्याची मर्यादा

कीटकनाशक फवारल्यावर त्याचा काही अंश पिकावर उरतो आणि ऊन, वारा व काळ यांमुळे तो घटत जातो. खाणाऱ्यास अपाय होऊ नये म्हणून या अंशाची कमाल मर्यादा कायद्याने ठरविली जाते. त्यासाठी शिफारशीप्रमाणे फवारलेल्या प्रयोगक्षेत्रांतील पिकावर किती अंश उरतो हे मोजतात व तो नित्य आहारात निर्धोक आहे काय, हे पडताळतात. म्हणून लेबलावरील मात्रा व काढणीपूर्वीचा प्रतीक्षाकाल पाळणे हाच मर्यादेत राहण्याचा मार्ग होय.

मर्यादा देशोदेशी निराळ्या असतात. सन २०१० मध्ये भारतीय द्राक्षे युरोपात अडविली गेली. क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश तेथील किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजेच २० टन द्राक्षांत १ ग्रॅम, या मर्यादेहून अधिक आढळला होता. हे कीटकनाशक नव्हे, वेलीची वाढ आवरणारे द्रव्य आहे. तरीही मर्यादा त्यालाही लागू होती.

यास्तव बागाईतदारांनी प्रत्येक फवारणीचे औषध, मात्रा व दिनांक नोंदवहीत लिहावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती नोंदवही वेळोवेळी पाहावी आणि प्रतीक्षाकाल संपल्याखेरीज काढणी होऊ देऊ नये.