चंद्र दाखवणारं जुनं घड्याळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हैदराबादला गेलं, की सालारजंग संग्रहालयातल्या घड्याळाचे बाराचे टोल ऐकायला आपण आवर्जून थांबतो. पण ओकच्या नक्षीदार पेटीतलं, पावतासाला वाजणारं, चंद्रकला दाखवणारं घड्याळ घरात असेल, तर ते ‘बिघडलंय’ म्हणून पडून राहतं. ते अडगळीत टाकण्याआधी हे समज तपासून पाहा.

गैरसमज : चंद्राची तबकडी तिथी दाखवते.
वस्तुस्थिती : तबकडी रोज सारखीच सरकते. तिथी मात्र चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की बदलते; ती कधी २० तासांत संपते, तर कधी २६ तासांपर्यंत लांबते. क्षयतिथी आणि वृद्धितिथी या यंत्राला कळत नाहीत. एकादशी पंचांग पाहूनच धरावी.

गैरसमज : आभाळातल्या चंद्राशी मेळ बसत नाही, म्हणजे यंत्र खराब झालं.
वस्तुस्थिती : तबकडीवर दोन चंद्र रंगवलेले असतात. दोघांचे मिळून ५९ दिवस, म्हणजे एका महिन्याचे साडेएकोणतीस. खरा चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असतो. त्यामुळे दोन वर्षं आठ महिन्यांत घड्याळाचा चंद्र एक दिवस पुढे जातो. अधिक महिनाही सरासरी साडेबत्तीस महिन्यांनीच येतो. त्याचं कारण वेगळं आहे, पण खूण सोयीची आहे : २०२३ चा अधिक श्रावण, २०२६ चा अधिक ज्येष्ठ असा अधिक महिना लागला, की चंद्र एक दिवस मागे घ्यावा. तबकडी अडली तर जोर लावू नये. तिचे दाते चाकात गुंतलेले असतात, काही तासांनी सुटतात.

गैरसमज : उन्हाळ्यात मागे पडतं, म्हणजे घड्याळ झिजलं.
वस्तुस्थिती : आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. लंबकाची पोलादी दांडी तापून किंचित लांबते आणि झोका मंदावतो. तापमान २० अंशांनी वाढलं, तर घड्याळ दिवसाला सुमारे १० सेकंद मागे पडतं. गोळ्याखालची चाकी फिरवून गोळा जरासा वर घ्यावा, थंडीत पुन्हा खाली.

गैरसमज : जास्त चावी दिली, म्हणून घड्याळ अडकलं.
वस्तुस्थिती : चावी पूर्णच द्यायची असते. चाकं अडतात ती सुकून चिकट झालेल्या तेलामुळे आणि धुळीमुळे. खोबरेल तर अजिबात घालू नये, ते थंडीत थिजतं. तबकडीवर चावीची तीन भोकं असतात : चालण्याचं, तासाच्या टोलांचं आणि पावतासाच्या सुरांचं. काटे फिरतात पण आवाज नाही, अशा वेळी आधी उरलेल्या दोन चाव्या पाहाव्यात.

गैरसमज : घासून नवं पॉलिश केलं, की किंमत वाढते.
वस्तुस्थिती : घासल्यानं नक्षीच्या कडा बोथट होतात आणि लाकडाचा मुरलेला रंग जातो. जाणकार त्याच रंगाची किंमत करतात. मऊ ब्रशनं धूळ काढून हलका मेणाचा हात द्यावा. पैसे खर्चायचेच असतील, तर ते जुन्या कारागिराकडून आतलं यंत्र साफ करून घेण्यात घालावेत.