बोललेला सल्ला कागदावर : श्रुतलेखन सॉफ्टवेअरची निवड कशी करावी?

शेतकरी मेळावे, शेतीशाळा आणि ऑनलाइन चर्चासत्रे यांतून तज्ज्ञांनी दिलेला सल्ला आता सर्रास ध्वनिमुद्रित केला जातो. परंतु दोन तासांच्या चित्रफितीतून नेमकी हवी ती शिफारस शोधून काढणे शेतकऱ्यास जिकिरीचे ठरते. तोच मजकूर लेखी असल्यास त्यावरून घडीपत्रिका करता येते, मोबाइलवर संदेश पाठविता येतो आणि अन्य भाषांत अनुवादही करता येतो. मात्र एका तासाचे भाषण ऐकून टंकलिखित करण्यास कित्येक तास खर्ची पडतात. हे काम स्वयंचलित श्रुतलेखन सॉफ्टवेअरने हलके होऊ शकते. त्यासाठी कोणते साधन कोणत्या कामाचे, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

तीन प्रकारची साधने

पहिला प्रकार ‘व्हॉइस टायपिंग’चा. गूगलने २०१७ मध्ये आवाजाद्वारे टंकलेखनाच्या सुविधेत मराठीसह अनेक भारतीय भाषांचा समावेश केला. गूगल डॉक्समधील ही सुविधा विनामूल्य असून तिच्यासाठी संगणकावर वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागत नाही. मात्र ती मायक्रोफोनसमोर बोललेले शब्द टिपते. तयार ध्वनिफीत तिला थेट देता येत नाही. क्षेत्रभेटीचा अहवाल किंवा टिपणे स्वतः बोलून लिहिण्यासाठी ती सोयीची आहे.

दुसरा प्रकार ‘व्हिस्पर’चा. ओपनएआय या संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. ती स्वतःच्या संगणकावर इंटरनेटविना चालते, तयार ध्वनिफीत वा चित्रफीत स्वीकारते आणि वेळेच्या नोंदींसह उपशीर्षके तयार करून देते. तिच्या प्रशिक्षणासाठी ६,८०,००० तासांचे ध्वनिमुद्रण वापरले गेले. परंतु त्यातील मोठा भाग इंग्रजीचा असून मराठीचा वाटा अत्यल्प आहे. शांतता किंवा नुसता गोंगाट असलेल्या जागी न बोललेली वाक्ये लिहिण्याचा दोषही तिच्यात आढळतो. मोठ्या आकाराचे प्रारूप अधिक अचूक असते, मात्र त्यास शक्तिशाली संगणक लागतो.

तिसरा प्रकार भारतीय भाषांसाठीच घडविलेल्या प्रारूपांचा. आयआयटी मद्रास येथील ‘एआय४भारत’ने विकसित केलेले ‘इंडिककॉन्फॉर्मर’ हे खुले प्रारूप राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांसाठी आहे. केंद्र शासनाच्या ‘भाषिणी’ उपक्रमातूनही भारतीय भाषांसाठी अशा सेवा उपलब्ध होतात. अशी प्रारूपे स्वतःच्या संगणकावर बसविण्यासाठी मात्र तांत्रिक जाणकाराचे साहाय्य घ्यावे लागते.

टक्केवारी पुरेशी नाही

अशा सॉफ्टवेअरची तुलना शब्दचुकीच्या प्रमाणावरून केली जाते. चुकीचे लिहिलेले, गाळलेले आणि जादा घातलेले शब्द मोजून त्यांची मूळ मजकुरातील एकूण शब्दांशी टक्केवारी काढतात. कृषी सल्ल्यासाठी एवढे माप पुरत नाही. ‘कापसावरील’ऐवजी ‘कापसावर’ लिहिले गेले तर एक चूक मोजली जाते, पण अर्थ सहसा बिघडत नाही. उलट ‘फुलोऱ्यात फवारणी करू नये’ या वाक्यातील ‘करू नये’चे ‘करून ये’ झाले, तर मधमाश्यांच्या रक्षणासाठी दिलेला इशाराच नाहीसा होतो. ‘सात ग्रॅम’चे ‘साठ ग्रॅम’ झाल्यास मात्रा आठपटीहून अधिक वाढते. ‘एकोणीस एकोणीस एकोणीस’ या विद्राव्य खताच्या नावातील एखादा शब्द पुनरुक्ती समजून गाळला जाण्याचाही संभव असतो. म्हणून चुका किती, याबरोबरच त्या कोणत्या शब्दांत झाल्या हेही पाहिले पाहिजे.

घरच्या घरी चाचणी

निवड करण्यापूर्वी आपल्याच कार्यक्रमातील दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण घ्यावे. त्यात शेतातील वारा, शेतकऱ्यांचे प्रश्न आणि वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी यांसारखी स्थानिक बोली असावी. केवळ सभागृहातील प्रमाण भाषेवर परीक्षा घेऊ नये. हा भाग प्रथम हाताने अचूक लिहून काढावा. त्यानंतर तेच ध्वनिमुद्रण प्रत्येक सॉफ्टवेअरला द्यावे आणि पुढील बाबींची नोंद करावी.

१. संख्या, मात्रा व एकके : दीड, अडीच, पाऊण, मिलि व ग्रॅम, एकरी व हेक्टरी.
२. नकार : ‘नये’, ‘नको’, ‘टाळावे’.
३. पीक, कीड, रोग व औषधांची नावे : तुडतुडे, फुलकिडे, इमिडाक्लोप्रिड.
४. दुरुस्तीस लागलेला वेळ : तो हाताने लिहिण्याएवढाच असल्यास त्या सॉफ्टवेअरचा लाभ नाही.

व्हिस्परमध्ये भाषा ‘मराठी’ अशी आधीच निवडावी, अन्यथा मराठी बोलणे हिंदी समजले जाऊ शकते. वक्त्यास कॉलर माइक द्यावा आणि एका वेळी एकानेच बोलावे, अशी सूचना प्रारंभीच करावी. निकृष्ट ध्वनिमुद्रण कोणत्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही. शेतकऱ्यांची नावे, दूरध्वनी क्रमांक किंवा कर्जाचा तपशील असलेली ध्वनिफीत बाहेरील सेवेकडे न पाठविता स्वतःच्या संगणकावर हाताळणे इष्ट. ध्वनिमुद्रणापूर्वी संबंधितांची संमतीही घ्यावी.

अंतिम तपासणी

सॉफ्टवेअरने दिलेला मजकूर हा कच्चा मसुदा होय. प्रसारणापूर्वी प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक नकार मूळ ध्वनिफीत पुन्हा ऐकून पडताळावा. औषधाची शिफारस लेबलवरील पीक, मात्रा व काढणीपूर्व प्रतीक्षाकाल यांच्याशी ताडून पाहावी आणि विषयतज्ज्ञाच्या मान्यतेनंतरच मजकूर शेतकऱ्यांकडे पाठवावा. तपासणीत सापडलेल्या चुकांची यादी जपून ठेवल्यास पुढील कार्यक्रमाच्या वेळी कोणते शब्द आधी पाहायचे, हे विस्तार कार्यकर्त्यास ठाऊक असेल.