नावनिशीचे गुलाब

परभणी जिल्ह्याची जमीन गुलाबाला मानवत नाही, असे म्हणण्याचा आपल्याकडे शिरस्ताच पडून गेला आहे, आणि त्यास सकृद्दर्शनी आधारही आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठांनी पसरलेली ही भारी काळी माती पावसाळ्यात फुगून पाणी धरून बसते, आणि वैशाखात पारा ४२ अंशांच्या वर गेला म्हणजे तिला पडणाऱ्या खोल भेगा झाडाची तंतुमुळे तोडून टाकतात. शिवाय तिच्यातील चुनखडीमुळे, जमिनीत लोह असूनही, ते झाडाच्या उपयोगी पडत नाही आणि कोवळी पाने, शिरा तेवढ्या हिरव्या राखून, पिवळी पडतात. हे सर्व खरे असले तरी सगळा दोष जमिनीच्या खाती मांडणे अन्यायाचे होईल. कारण जो गुलाब आपण रोपवाटिकेतून आणून लावतो त्याची वंशावळ तपासली असता अर्धे उत्तर तेथेच सापडते.

१८६७ साली फ्रान्समधील लिआँ येथील गियो या संकरकाने 'ला फ्रान्स' हा गुलाब लोकांपुढे आणला, आणि हायब्रिड टी या आधुनिक वर्गाचा आरंभ तेथून मानण्याचा प्रघात आहे. पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण या वर्गाला लाभला तो चिनी गुलाबांकडून. आणि त्यांपैकी काही कलकत्त्याच्या मार्गाने यूरोपात पोहोचल्यामुळे फ्रेंच लोक त्यांना बंगालचे गुलाब म्हणत. पुढे मात्र निवडीचा दंडक तेथील थंडीने ठरविला. जे झाड बर्फात तगले ते राखावे आणि जे गारठले ते टाकावे, अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या कामात, उन्हाची झळ कोणते झाड सोसते याची चौकशी करण्याचे कोणास प्रयोजनच नव्हते. हिवाळ्यात पाने गाळून निजण्याची सवय ज्याच्या रक्तात मुरली आहे असे झाड मराठवाड्यात आले म्हणजे त्याला पुरती विश्रांती कधीच मिळत नाही. वर्षभर फुटत राहून ते झिजते, आणि दोन-तीन उन्हाळ्यांनंतर फांद्या शेंड्याकडून काळ्या पडू लागून शेंडेमरीने संपते.

भारताच्या हवेत जन्मलेला आणि भारताच्याच हवेत पारखलेला गुलाब असावा, हा विचार ज्यांनी मनावर घेतला त्यांच्यात मोठ्या पेढ्यांपेक्षा आपल्या खर्चाने आणि आपल्या अंगणात राबणाऱ्या एकट्यादुकट्या माणसांचा भरणा अधिक आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बी. एस. भट्टाचार्जी यांनी १९३०च्या दशकात 'डॉ. एस. डी. मुखर्जी' हा गुलाब सिद्ध केला. १९७०च्या दशकात हर्डीकर या मराठी संकरकाचा 'राजा सुरेंद्रसिंग ऑफ नालागढ' हा गुलाब नोंदला गेला. डॉ. बेंजामिन पिअरी पाल (१९०६–१९८९) यांचे स्थान तर याहून निराळे. गव्हावरील तांबेरा हा त्यांचा सरकारी कामाचा विषय, तिन्ही तांबेऱ्यांस दाद न देणारा एन. पी. ८०९ हा गहू त्यांच्या नावावर जमा, आणि १९६५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालकपदही त्यांच्याकडे आले; तरीही ब्रह्मदेशातील बालपणी जडलेली गुलाबाची प्रीती त्यांनी शेवटपर्यंत सांभाळली आणि 'रोझ शरबत', 'दिल्ली प्रिन्सेस', 'बंजारन', 'डॉ. होमी भाभा' असे शंभराहून अधिक वाण सिद्ध केले.

परंतु उष्ण प्रदेशाच्या गुलाबाचा प्रश्न मुळापासून हाती घेतला तो एम. एस. वीरराघवन यांनी. आंध्र प्रदेशातील सनदी सेवेतून मुदतीपूर्वी निवृत्त होऊन ते कोडाईकनाल येथे स्थायिक झाले आणि पत्नी गिरिजा यांच्यासह त्यांनी आपले आयुष्य या एका कामास वाहिले. प्रचलित वाणांचा आपसांत संकर करीत राहिल्याने थंड प्रदेशाचेच रक्त फिरून फिरून येणार, हे ओळखून ते दोन रानटी जातींकडे वळले. पहिली 'रोझा जायगँशिया', जी १८८२ साली जॉर्ज वॅट यांना मणिपुरात आढळली: प्रचंड वाढणारी, सदापर्णी, लांबट फिकट कळ्यांची वेल. तिच्या शोधात हे दांपत्य १९९० साली मणिपुरातील शिरोई पर्वतावर गेले. दुसरी 'रोझा क्लिनोफिला', बिहार-बंगालच्या नदीकाठची, पावसाळ्यात मुळांवर पाणी साचले तरी न कुजणारी. पावसात तुंबणाऱ्या आणि उन्हात भाजणाऱ्या आपल्या मुलखास याहून योग्य पूर्वज कोणता असू शकेल? वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांचे नाव दिलेला गुलाब हे याच साधनेचे फळ होय.

परभणीकरांस ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. १९७२ साली येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' ही भेंडी दिली, ती याच तत्त्वावर: हळद्या रोगाला बळी पडणाऱ्या 'पुसा सावनी'शी रानटी भेंडीचा संकर करून, नंतर खाण्याजोगे गुण परत आणण्यासाठी तिचा पुन्हापुन्हा लागवडीच्या भेंडीशी संकर केला. विद्यापीठाने भाजीसाठी जे केले ते कोडाईकनालच्या एका घराने फुलासाठी केले, आणि तेही सरकारी तिजोरीचा आधार नसताना.

आता लागवडीचा मामला. काळ्या जमिनीत खड्डा खणून तो त्याच काळ्या मातीने भरणे म्हणजे झाडाखाली डबके बांधणे होय. म्हणून वाफा जमिनीपासून फूटभर उंच करावा आणि त्यात मुरूम, जाड वाळू व पुरते कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. ज्यावर वाणाचा डोळा बसविलेला असतो त्या खुंटाची चौकशी खरेदीपूर्वी करावी. चुनखडीच्या, विम्लधर्मी जमिनीत इंडिका ओडोराटा हा खुंट मल्टिफ्लोरापेक्षा सरस ठरतो, आणि उत्तम वाणही चुकीच्या खुंटावर व्यर्थ जातो. पाने पिवळी पडू लागली तर हिराकस शेणखतात मुरवून द्यावे. छाटणी दसऱ्याच्या सुमारास, पाऊस निश्चित सरल्यावर करावी म्हणजे साधारण ४५ दिवसांत पहिला बहर येतो. उन्हाळ्यात मात्र कात्री बाजूस ठेवावी, कारण त्या दिवसांत पानांची सावली हेच फांद्यांचे संरक्षण असते. शेंडेमर दिसताच फांदी निरोगी हिरव्या भागापर्यंत कापून जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी. जायगँशियाच्या वंशजांना मांडवाइतकी जागा लागते आणि पहिली दोन वर्षे ते फुलांविना वाढतात. अधीर माणसाने ते लावू नयेत.

खरी अडचण रोपे मिळण्याची आहे. बाजारात गुलाब विकला जातो तो 'लाल डच', 'पिवळा डच' अशा रंगाच्या नावाने, आणि चिठ्ठी हरवली की संकरकाचे वर्षानुवर्षांचे काम निनावी होते. गुलाबाचा वाण बियांतून तसाच उतरत नाही; तो डोळा भरूनच, म्हणजे त्याचा डोळा खुंटावर बसवूनच, जिवंत राहतो, आणि त्याचे अखेरचे झाड मेले की तो वाणच संपतो. आंतरराष्ट्रीय नोंदणी अमेरिकन रोझ सोसायटीकडे होते खरी, पण त्या दफ्तरात राहते ते नाव. झाड राखणे त्याच्या हाती नाही. २००१च्या वाणसंरक्षण कायद्याने वृक्ष व वेली यांस १८ आणि इतर पिकांस १५ वर्षांपर्यंत पैदासकाराचा हक्क मान्य केला असला, तरी दर हिवाळ्यात मूठभर रोपे तयार करणाऱ्या एकट्या माणसास त्याची अंमलबजावणी पेलणे कठीण. म्हणून बागाइताने आपल्या गुलाबांची नावनिशीवार वही ठेवावी: वाणाचे नाव, संकरक, वर्ष, डोळा कोणाकडून आला, कोणत्या खुंटावर भरला. आणि दुर्मिळ वाणाचे एकच झाड कधी ठेवू नये. दुसरे जिंतुरात किंवा गंगाखेडात कोणाच्या तरी अंगणात असावे.

ज्यास याहून पुढे जावयाचे असेल त्याने स्वतः संकर करून पाहावा. परभणीत त्याचा हंगाम थंडीचा. मादी म्हणून निवडलेली कळी उमलण्यापूर्वी तिच्या पाकळ्या व पुंकेसर काढून दुसऱ्या वाणाचे पराग लावावेत आणि कागदी पिशवी बांधावी. फळ पिकण्यास सुमारे चार महिने लागत असल्याने हे काम मार्गशीर्षातच उरकावे, नाहीतर चैत्राची झळ फळे सुकवून टाकते. बी ओलसर वाळूत घालून शीतपेटीत काही आठवडे ठेवावे आणि पावसाळा सरल्यावर पेरावे. त्यातील थोडेच उगवते. उगवलेल्या रोपावर काही आठवड्यांतच इवलेसे फूल येते. ते मोजक्या पाकळ्यांचे असले म्हणून रोप उपटून टाकू नये. त्याचा डोळा खुंटावर भरून, निदान दोन उन्हाळे जाऊ दिल्यावर मगच त्याचा निवाडा करावा.