स्टॉलसाठी फोल्डिंग तंबू घेताय? आधी हे बघा!

गणपतीत लालबाग-परळला स्टॉल लावायचाय? धंदा दहा दिवसांचा. एका सरीत माल भिजला तर भांडवलच गेलं. म्हणून तंबू पाऊस धरूनच निवडा.

माप: 10 बाय 10 फुटी ऐसपैस, पण जागेत मावतो का? टेपने मोजा. छोट्या स्टॉलला 6 बाय 6 पुरतो.

कापड: नुसतं वॉटरप्रूफ असून भागत नाही, शिवणीही सीलबंद हव्यात. छत सैल राहिलं तर पाणी साचून सांगाडा वाकतो.

पाय: डांबरी रस्त्यात खुंटी ठोकता येत नाही, चारही पायांना वाळूच्या पिशव्या बांधा.

बदल: वाऱ्याच्या बाजूला पडदा, पुढच्या झालरीवर दुकानाचं नाव.

आणि महापालिकेची परवानगी आधी, तंबू नंतर!