शरणपूर : एका नांवाचा अर्थ

नाशिकचें शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीनें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसविलेली ख्रिस्ती वसाहत होय. ‘शरण’ शब्दाचे गृह व रक्षक असे दोन अर्थ अमरकोश देतो. आश्रय, विद्या व श्रम हीं या मंडळीच्या सहजीवनाचीं तत्त्वें. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांस येथें घर, अक्षरज्ञान व हस्तव्यवसाय मिळाले. त्यांपैकींच जेकब वेनराइट. १८७३ मध्यें लिव्हिंग्स्टन आफ्रिकेंत वारला, तेव्हां यानें झाडावर त्याचा मृत्युलेख कोरला, सोबत्यांसह शव समुद्रकिनाऱ्यास पोंचविलें व त्या प्रवासाचें टिपण स्वहस्तें लिहिलें. ज्यास गृह मिळालें तोच रक्षक झाला. मंडळीचीं तत्त्वें नियमपुस्तकापेक्षां अशा हस्तलिखितांतच पारखावीं, असें आम्हांस वाटतें.