पिकअपसाठी कॅमशाफ्ट बदलायचाय? आधी गाडी कुठे चालते ते बघा

घरात एखादी जुनी झेन, एस्टीम किंवा स्विफ्ट असते. अब्बांनी वर्षानुवर्षे जपून वापरलेली. आता चावी मुलाकडे आली आहे आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात बसलंय की 'परफॉर्मन्स कॅम' टाकला की गाडी उडेल. ओळखीचा मेकॅनिकही म्हणतो, "टाक ना भाई, आवाजच बदलून जाईल." आवाज खरोखर बदलतो. पण बाकीचं इंजिन कंपनीचंच असेल आणि गाडी गिरगाव ते दादर एवढ्यातच फिरणार असेल, तर चुकीच्या कॅममुळे ती आधीपेक्षा मंद होऊ शकते. म्हणून पैसे देण्याआधी हा भाग काय करतो ते समजून घेऊ.

इंजिनाचा श्वास

कॅमशाफ्ट म्हणजे अंडाकृती उंचवटे असलेला दांडा. या उंचवट्यांना लोब म्हणतात. दांडा फिरतो तसे लोब व्हॉल्व्ह दाबून उघडतात. गॅरेजात ज्याला 'वाल' म्हणतात, तोच हा व्हॉल्व्ह. एका वाटेने हवा-पेट्रोल आत येतं, दुसरीतून धूर बाहेर जातो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. म्हणजे इंजिन 6000 आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि मिटतो.

इतक्या वेगात सिलिंडर पूर्ण भरायला वेळ पुरत नाही. म्हणून रेसच्या कॅममध्ये व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवतात. वरच्या आरपीएमला याचा फायदा होतो, कारण वेगाने येणारी हवा पिस्टन वर येऊ लागला तरी आत घुसत राहते. पण 1500-2000 आरपीएमवर हवेला तेवढा जोर नसतो. व्हॉल्व्ह उशिरा मिटला की वर येणारा पिस्टन आत आलेली हवा परत बाहेर ढकलतो. कॉम्प्रेशन कमी पडतं आणि खालचा पिकअप जातो. म्हणजे कॅम ताकद फुकट वाढवत नाही, बहुतेक वेळा ती खालून काढून वर नेतो.

पद्मिनी टॅक्सीचा धडा

मुंबईला हे वेगळं सांगायला नको. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आठवा. 1089 सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम 40 हॉर्सपॉवरच्या आसपास. तरीही चार प्रवासी आणि टपावर सामान घेऊन ही काळी-पिवळी लालबाग-परळच्या गर्दीतून दिवसभर निघायची. तिचा कॅम खालच्या आरपीएमवर ओढण्यासाठीच बनवलेला होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीसाठी 20 वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून गेली. त्याच जातीच्या फियाट एके काळी मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यतीतही धावल्या. पण शर्यतीचं इंजिन वेगळं बांधावं लागतं आणि ते टॅक्सीच्या कामाचं नसतं. टॅक्सीचं इंजिनही शर्यत जिंकून देत नाही.

आज परफॉर्मन्स कॅमची चर्चा जास्त होते ती मारुती 800, झेन, एस्टीम आणि जिप्सी यांच्याबद्दल. रॅली आणि रेसिंगमध्ये ही इंजिनं भरपूर वापरली गेली, त्यामुळे त्यांच्यावर काम केलेले मिस्त्री आणि कॅम दोन्ही सापडतात. पण रॅलीच्या गाडीतून निघालेला कॅम स्वस्तात मिळतोय म्हणून तो घरच्या गाडीला चालेलच असं नाही.

दुकानदार सांगतो ते आकडे

पहिला आकडा लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उघडतो. दुसरा ड्युरेशन, म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत तो उघडा राहतो. तिसरा ओव्हरलॅप, म्हणजे आत येण्याची आणि बाहेर जाण्याची दोन्ही दारं एकाच वेळी किती अंश उघडी राहतात.

अंदाजासाठी असं धरा. छोट्या गाडीचा कंपनीचा कॅम साधारण 230 ते 250 अंशांचा असतो. 255 ते 265 पर्यंतचा सौम्य समजला जातो. 270 च्या पुढे शहरात त्रास जाणवू लागतो आणि 285 च्या वरचे रेस-रॅलीचे. मात्र ड्युरेशन मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. कुणी व्हॉल्व्ह हलायला लागल्यापासून मोजतो, कुणी 1 मिलिमीटर उघडल्यावर. एकाच कॅमचा आकडा यामुळे बराच बदलतो. त्यामुळे दोन कॅमची तुलना करताना "हे कुठून मोजलंय?" असं विचारा. उत्तर येत नसेल तर तो कॅम घेऊ नका.

आपले रस्ते काय मागतात?

डॉ. आंबेडकर रोडवर दादर टीटीहून निघून लालबाग-भायखळ्याकडे जाताना गाडी बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, 1000 ते 2500 आरपीएमवर असते. मार्च 2024 मध्ये खुला होऊ लागलेला कोस्टल रोड तरी मोकळा आहे म्हणाल, तर तिथेही मर्यादा ताशी 80 किलोमीटरची. पाचव्या गिअरमध्ये छोट्या पेट्रोल गाडीला त्यासाठी साधारण 2500 ते 3000 आरपीएम पुरतात. मोठ्या ड्युरेशनचा कॅम जागा होतो 4500 च्या पुढे. म्हणजे ज्या ताकदीसाठी पैसे मोजले, ती कायद्यात राहून शहरात वापरताच येत नाही.

उलट त्रास रोजचा. ओव्हरलॅप वाढला की आयडलिंगला गाडी हलते, सिग्नलवर एसी लावला की बंद पडायला बघते. इंजिनचा व्हॅक्यूम कमी होतो आणि ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून ब्रेक जड लागू शकतो. घरची माणसं ज्या गाडीत बसतात, तिच्यात ही बाब हलक्यात घेऊ नका. मुंबईत बऱ्याच गाड्या सीएनजीवर आहेत. सीएनजीला जास्त कॉम्प्रेशन मानवतं आणि मोठा कॅम नेमकं तेच खालच्या वेगात कमी करतो. ॲव्हरेज घटतो तो वेगळाच.

एकटा कॅम बदलून भागत नाही

लिफ्ट वाढली तर जुन्या व्हॉल्व्ह स्प्रिंग पुरत नाहीत. पूर्ण दाबल्यावर त्यांचे वेढे एकमेकांना टेकू शकतात. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर मोजावं लागतं, नाहीतर दोघं धडकतात आणि हेड उघडून मोठा खर्च बसतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू कंपनीच्या कॅमच्या हिशोबाने पेट्रोल सोडतो, त्यामुळे ट्यूनिंगचा खर्च धरावाच लागतो. कॅम बसवताना डिग्री व्हील लावून टायमिंग तपासणं जरूरीचं. नुसत्या खुणा जुळवून काम उरकणारा मिस्त्री असेल तर गाडी देऊ नका. भायखळ्याला अंजुमन-ए-इस्लामच्या साबू सिद्दीकमध्ये ऑटोमोबाइल शिकलेला कुणी नात्यात असेल, तर त्याला सोबत न्या.

जुना कॅम घासून नवा आकार देणं, म्हणजे रीग्राइंड, स्वस्त पडतं. पण वरचा कडक थर निघून गेला तर लोब लवकर झिजतो. घासल्यावर तो पुन्हा कडक केला का, हे विचारा.

पीयूसी, कायदा आणि विमा

बीएस-4 पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएमच्या आत लागतं. जास्त ओव्हरलॅपमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, त्यामुळे पीयूसी अडकू शकते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल रोखतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून बदल करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. लपवलेला बदल क्लेमच्या वेळी अडचणीचा ठरतो. गाडी विकतानाही घेणाऱ्याला हे स्पष्ट सांगा.

मग करायचं काय?

आधी गाडीचा पिकअप का गेला ते शोधा. कॉम्प्रेशन टेस्ट करा, टॅपेट सेट करा, टायमिंग बेल्ट योग्य दातावर आहे का बघा. एअर फिल्टर, प्लग, इंजेक्टर, क्लच तपासा. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत खोट बहुतेक इथेच सापडते आणि ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात हे सामान कॅमच्या मानाने थोडक्यात मिळतं.

एवढं करूनही कॅम हवाच असेल, तर आपल्या इंजिनासाठी बनलेला सर्वात सौम्य घ्या. ड्युरेशन कंपनीपेक्षा 10-15 अंशांहून जास्त नको. स्प्रिंग, फिटिंग आणि ट्यूनिंग धरून पूर्ण हिशोब आधी कागदावर लिहून घ्या. काढलेला मूळ कॅम आणि त्याचे टॅपेट तेल लावून, क्रम लिहून घरात जपून ठेवा. नव्या गाड्यांत व्हीव्हीटी असतं. ते कॅमचं टायमिंग वेगानुसार स्वतःच बदलतं, म्हणून तिथे कंपनीचाच कॅम राहू द्या.

आणि मुलाला खरंच वेगाची आवड असेल, तर त्यासाठी रेस ट्रॅक आहे आणि तिथली गाडी वेगळी बांधलेली असते. घरच्या गाडीने सकाळी पहिल्या सेल्फला चालू व्हावं आणि घरच्यांना सुखरूप परत आणावं, एवढं तिचं काम आहे.