हजेरीवाचून जमा

माझी नात आठवीनंतर शाळेतून निघाली, तेव्हा दाखल्यावरील 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी मुख्याध्यापकांची लेखणी अडली. बदली नाही, स्थलांतर नाही, आजारपण नाही. मुलगी हुशार, फी भरलेली, वर्तणूक चांगली. शेवटी बराच विचार करून त्यांनी 'पालकांच्या विनंतीवरून' असा शेरा मारला आणि चष्मा काढून माझ्याकडे असे पाहिले, की एकतीस वर्षे बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांतून हजेरीपट भरलेल्या मजसारख्या मास्तराने आपल्या घरातल्या पोरीचे नाव हजेरीपटातून कमी करवून घ्यावे, यापरता विपरीत प्रसंग त्यांच्या नोकरीत दुसरा घडला नसावा.

कायद्याचा भाग आधी उरकून घेतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले आहे. घरीच शिकविणाऱ्यांविषयी कायदा स्पष्ट बोलत नाही, आणि चौदाव्या वर्षानंतर त्याची सक्ती उरत नाही. आम्ही चौदा पुरी होईतो थांबलो. त्यापुढचा खरा प्रश्न कायद्याचा नव्हे, हिशेबाचा आहे: मूल घरी जे शिकते, ते कोणाच्या वहीत आणि कोणत्या नावाने जमा व्हावे?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ साली अशी मुभा दिली, की वैद्यकासारखा विषय वगळता, कोणत्याही महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेल्या माणसानेही परीक्षेस बसावे आणि उत्तीर्ण झाल्यास पदवी घ्यावी. गंमत अशी, की त्याच लंडनचा कित्ता पुढे ठेवून आदल्याच वर्षी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, तीही केवळ परीक्षा घेणारी दफ्तरेच होती. पण पदवीच्या उमेदवाराने संलग्न महाविद्यालयात 'टर्म भरली' पाहिजे, ही अट मात्र त्यांनी कायम ठेवली. शिकवायचे स्वतः काहीच नाही आणि हजेरी मात्र दुसऱ्याच्या दारची मागायची! आमच्या वऱ्हाडातल्या मुलाला तर टर्म भरण्यासाठी घर सोडावेच लागे. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ चे आणि मॉरिस १८८५ चे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघाले आणि अमरावतीचे १९८३ साली. म्हणजे घाटावरच्या माणसाला विद्यापीठ जवळ यायला सव्वाशे वर्षे लागली.

परंतु अधिकृत विद्यापीठे टर्मचा हिशेब करीत बसली असता आमच्या घराघरांतून एक निराळेच विद्यापीठ चालत होते, आणि या लेखाचे निमित्त काहीही असो, मला बोलायचे आहे ते त्याविषयी. वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ साली स्थापन झाली. तिच्या परीक्षांची शिडी आमच्या पिढीला मारुतिस्तोत्रासारखी पाठ होती: प्राथमिक, प्रारंभिक, प्रवेश, परिचय, कोविद आणि त्यावर रत्न. माझी आत्याबाई मेहकरात दिलेली. मराठी चौथी झाली नि सोळाव्या वर्षी लग्न. पुढे हायस्कुलाचा उंबरा तिने ओलांडला नाही. त्या बाईने दोन मुले, एक म्हैस आणि खाटेला खिळलेली सासू सांभाळून पाच वर्षांत परिचयापर्यंत मजल मारली, आणि सहाव्या वर्षी ती कोविद झाली.

तिची अभ्यासाची जागा म्हणजे चुलीमागची सारवलेली भिंत. भाकर तव्यावर असता ती कोळशाच्या तुकड्याने त्या भिंतीवर हिंदी शब्द आणि त्याचे लिंग लिहून ठेवी, आणि शनिवारी पोतेरे फिरविण्यापूर्वी सगळे एकदा म्हणून दाखवी. मी सुटीत गेलो की परीक्षकाचे काम मजकडे. 'पुस्तक' मराठीत नपुंसकलिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी, इतपत तिला सोसत असे; पण 'आत्मा' हा मराठीत पुरुष आणि हिंदीत बाई कसा, यावर तिने मामंजींशी घातलेला वाद मला अजून आठवतो. मामंजी कीर्तनाला जाणारे गृहस्थ. त्यांनी गीतेचा आधार काढला. आत्याबाई म्हणाली, "गीतेत काहीही असो, परीक्षेत 'मेरी आत्मा' लिहिलं नाही तर गुण जातात." लिंगविचारावर इतके व्यवहारी भाष्य मी पुढे व्याकरणाच्या कोणत्याही ग्रंथात वाचले नाही.

आता तिच्या कोविदाचा उपयोग काय झाला? त्या काळी अशा परीक्षा दिलेल्या पुष्कळ जणांना शाळांतून हिंदी शिकविण्याची नोकरी मिळाली. परंतु आत्याबाईपाशी मॅट्रिकचा दाखला नसल्याने तिचे कोविद हे वर मजला बांधून झाल्यावर खाली जोते नसलेल्या घरासारखे राहिले. परीक्षा खरी होती, गुण खरे होते, पण ते दुसऱ्या कोणत्या खात्यात वळते होत नव्हते. आपल्याकडे परीक्षांची वाण कधीच नव्हती; गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा घ्या, प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या घ्या, चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट घ्या. यांपैकी चित्रकलेच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीच्या गुणपत्रिकेत धरले जातात, आणि या मुलखात मुलाने बाहेर कमावलेले शाळेने आपल्या वहीत लिहून घेतल्याचा तो दाखला मला म्हणूनच फार प्रिय आहे.

नातीच्या निमित्ताने मी १९८९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे नियम बारकाईने वाचले, आणि त्यात मला आत्याबाईच्या अडचणीचे उत्तर सापडले. चौदा वर्षे पुरी झालेल्या मुलाने दहावीस नाव नोंदवावे, मराठी माध्यम घ्यावे, पाच विषय निवडावेत, आणि ते पाच वर्षांच्या मुदतीत, नऊ संधींत, जमेल तसे सोडवावेत. जो विषय सुटला तो जमा, पुन्हा द्यावयाचा नाही. दुसऱ्या मंडळात उत्तीर्ण झालेले दोन विषयदेखील येथे वळते करून घेता येतात. आमच्या नातीने पहिल्या खेपेस गणित आणि मराठी, दुसऱ्या खेपेस उरलेले तीन, असे हप्ते पाडले. शेतसारा हप्त्याने भरणाऱ्या घराण्याला ही पद्धत समजावून सांगावी लागली नाही.

मध्यंतरी नाशिकला गेलो असता गोवर्धन गावाजवळचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मुद्दाम पाहून आलो. १९८९ सालचेच हे विद्यापीठ. राम ताकवले पहिले कुलगुरू, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. अठरा वर्षे पुरी झालेल्या, पण बारावीचा दाखला नसलेल्या माणसाने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून परीक्षा द्यावी आणि पदवीच्या वर्गात यावे, अशी वाट याने काढली. आत्याबाईच्या हयातीत ती निघाली खरी, पण तोवर तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

माझा एक भाचा अमेरिकेत टेक्सास राज्यात राहतो. त्याचाही मुलगा घरीच शिकतो. तिकडे १९६७ पासून कॉलेज बोर्डाची 'क्लेप' नावाची परीक्षा आहे. चौतीस विषय, प्रत्येकाला साधारण दीड तास, गुण वीस ते ऐंशी. पन्नासाला सामान्यतः पास समजतात, आणि सुमारे २,९०० महाविद्यालये आपापल्या नियमांप्रमाणे ते गुण पदवीच्या क्रेडिटांत धरतात. सोळा वर्षांच्या त्या पोराने इतिहास आणि बीजगणित असे दोन विषय महाविद्यालयात पाऊल टाकण्याआधीच खात्यावर घातले. भाच्याने फोनवर हे सांगितले, तेव्हा मला अमेरिकेचे कौतुक कमी आणि मेहकरच्या त्या भिंतीचे वाईट अधिक वाटले.

आपल्याकडेही आता खातेवही उघडली आहे. २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावरचा अभ्यासक्रम कोणीही घरी बसून करावा आणि शेवटची परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली द्यावी; बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम सामान्यतः तीन क्रेडिटांचा, आठ आठवड्यांचा दोनांचा. विद्यापीठाने पदवीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिटे यांतून स्वीकारावीत, अशी परवानगी आहे, आणि २०२१ पासून ती साठविण्यास 'शैक्षणिक क्रेडिट बँक' आहे. मेख एवढीच, की क्रेडिट पदरात घालते ते महाविद्यालय. ज्याचे महाविद्यालयात नाव नाही, त्याच्या हाती प्रमाणपत्र पडते, जमा पडत नाही.

मुंबईच्या मालविका राज जोशी या मुलीची हकीकत या ठिकाणी सांगितल्यावाचून राहवत नाही. सातवीनंतर तिने शाळा सोडली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळविले, आणि बारावीचा दाखला नसल्यामुळे आय.आय.टी.चे दार बंद असता २०१६ साली ती अमेरिकेतल्या एम.आय.टी.त दाखल झाली. मधल्या काळात चेन्नईच्या गणित संस्थेने तिला एम.एस्सी.च्या पातळीवरच्या वर्गात बसू दिले होते. त्याच संस्थेचे प्राध्यापक माधवन मुकुंद यांचा आठ आठवड्यांचा पायथनचा अभ्यासक्रम 'स्वयम्'वर आहे, आणि माझ्या नातीने हट्टाने तोच घेतला.

घरच्या शिक्षणाची मी आरती ओवाळतो आहे, असे मात्र कोणी समजू नये. पोरीला वादाला सवंगडी नाही, विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला केंद्र गाठावे लागते, आणि एका कचेरीत तर 'शाळेचे नाव' हा रकाना कोरा असल्याच्या सबबीवर आमचा अर्ज तीन वेळा परत आला. चौथ्या वेळी मी तेथे 'घर' असे लिहिले आणि तो मंजूर झाला. हजेरी ही नुसती सक्ती नसते, ती सोबतही असते, हे एकतीस वर्षे 'हजर' ऐकलेल्या माणसाला कळते. पण सोबत आणि विद्या ही दोन खाती आहेत. एकाची थकबाकी दुसऱ्यातून वळती करू नये, एवढेच माझे म्हणणे.

पायथनच्या परीक्षेचे केंद्र परजिल्ह्यात आले. पहाटे चारला राजूर घाट उतरून मलकापूरला गाडी धरली. केंद्राबाहेर लिंबाखाली मी तीन तास वर्तमानपत्र वाचीत बसलो. पोर बाहेर आली ती हसतच.

"पेपर कसा गेला?" मी विचारले.

"पेपर सोपा होता, आबा. हजेरीच्या कागदावर मात्र चुकीच्या रकान्यात सही केली. सरांनी पुन्हा करायला लावली."